शोधणारा सलाईनमध्ये आहेच

पत्र:

माझ्या थोरल्या बहिणीला (वय 52) स्तनाचा कर्करोग आहे आणि यकृतात दोन गाठी निघाल्या आहेत. बायोप्सीत ‘हर-टू पॉझिटिव्ह’ आलं. डॉक्टरांनी डॉसिटॅक्सेल, ट्रास्टुझुमॅब आणि पर्टुझुमॅब ही तीन औषधं दर तीन आठवड्यांनी द्यायचं ठरवलं. पहिल्या सायकलनंतर ताई पार गळून गेली. दुसरीची तारीख दहा दिवसांवर आहे. मध्येच भावोजींना कुणीतरी एक व्हिडिओ पाठवला. लोखंडाच्या अतिसूक्ष्म कणांना अँटिबॉडी चिकटवून शिरेतून सोडतात, ते थेट गाठीत जाऊन बसतात, एमआरआयमध्ये दिसतात, मग बाहेरून चुंबकीय क्षेत्र दिलं की तापतात आणि गाठ जाळतात, असं त्यात आहे. केस जात नाहीत, उलट्या नाहीत. भावोजींनी तिथल्या संस्थेला रिपोर्ट पाठवले. ‘केमो थांबवा, शरीर स्वच्छ हवं’ असं उत्तर आलं, आणि सात दिवसांत आगाऊ रक्कम भरायला सांगितलं. शिवाय भावोजींनी चुंबकाचा एक पट्टा आणलाय. ताईला नुकतंच शिरेतून लोहाचं इंजेक्शन दिलंय, तर पट्टा यकृतावर बांधला की ते लोह गाठीकडे ओढलं जाईल, असं त्यांचं म्हणणं. मी विज्ञान शिकलेली म्हणून घरात सगळे माझ्या तोंडाकडे बघतात. मला ते पटतंही आणि भीतीही वाटते. तारीख पुढे ढकलावी का?

– धाकटी

उत्तर:

नका ढकलू. हे आधी लिहून टाकते, कारण तुमचं पत्र माझ्या हाती येईपर्यंत दहांतले काही दिवस गेलेच असणार, आणि खालचं सगळं वाचायला तुम्हाला सवड मिळेल न मिळेल.

आता का, ते सांगते. मी डॉक्टर नाही. पण कामाची बरीच वर्षं प्रयोगशाळेत असल्याच कणांबरोबर गेली, त्यामुळे ‘व्हिडिओ थापा मारतोय’ एवढं म्हणून मला सुटता येत नाही. व्हिडिओतला जवळजवळ प्रत्येक तुकडा खरा आहे. म्हणूनच तो फसवा आहे. तुम्हाला पटलं यात तुमच्या शिक्षणाचा दोष नाही. विज्ञान न शिकलेल्या माणसाला कदाचित इतकं पटलंही नसतं.

तो कण आधी बघा. लोहाचं ऑक्साइड, बहुतेक वेळा मॅग्नेटाइट, सुमारे 10 नॅनोमीटरचं (एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग). अँटिबॉडीचा, म्हणजे एकच ठरावीक खूण ओळखून तिला चिकटणाऱ्या प्रथिनाचा, एक रेणूही साधारण तेवढाच असतो. इतक्या लहान आकारात मॅग्नेटाइटचा स्वभाव बदलतो. जवळ चुंबक असेपर्यंत तो चुंबक, दूर नेला की सगळं विसरला. याचा फायदा असा की रक्तात कण एकमेकांना चिकटून गुठळ्या होत नाहीत. एमआरआयमध्ये हे कण जिथे जमतात तिथली प्रतिमा काळी पडते. आणि सेकंदाला लाखभर वेळा दिशा पालटणाऱ्या क्षेत्रात ठेवले तर त्यांचं चुंबकत्व सारखं उलटंपालटं होतं आणि ते गरम होतात. दाखवणं आणि तापणं, दोन्ही कामं एकाच कणाला जमतात. त्याला जमत नाही ते शोधणं. गाठ कुठली आणि निरोगी पेशी कुठली, हे त्या लोहाच्या कणाला काय कळणार? म्हणून त्याच्या पाठीवर अँटिबॉडी बसवायची, हा विचार निघाला. चांगलाच विचार आहे, आणि नवाही नाही. मॅग्नेटाइटवर मोनोक्लोनल (म्हणजे सगळ्या अगदी एकसारख्या) अँटिबॉडी चढवून एमआरआयमध्ये गाठ दाखवण्याचे प्रयोग 1989 साली छापून आलेले आहेत.

थोडक्यात, व्हिडिओतला खरा हिरो चुंबक नाही. शोधण्याचं काम अँटिबॉडीचं.

आता ताईची फाईल काढा आणि औषधांच्या नावांकडे बघा. ट्रास्टुझुमॅब. पर्टुझुमॅब. शेवटचं ‘मॅब’ म्हणजे मोनोक्लोनल अँटिबॉडी. त्या तीन औषधांतलं केमो म्हणावं असं एकच आहे, डॉसिटॅक्सेल. उरलेली दोन अँटिबॉडीच आहेत, आणि दोन्ही त्याच हर-टू प्रथिनाला, पण वेगवेगळ्या जागी, धरतात. साध्या पेशीवर या प्रथिनाचे सुमारे 20 हजार रेणू असतील, तर हर-टू पॉझिटिव्ह गाठीच्या पेशीवर ते 20 लाखांपर्यंत जाऊ शकतात. म्हणून तर बायोप्सीत ते मुद्दाम तपासतात. अशा अँटिबॉडी हव्या तितक्या तयार करायची युक्ती कोलर आणि मिलस्टीन या शास्त्रज्ञांनी 1975 मध्ये दाखवली, 1984 मध्ये त्यांना नोबेल मिळालं, आणि 1998 मध्ये ट्रास्टुझुमॅब औषध म्हणून मान्य झालं. हर-टूच्या गाठींसाठी चुंबकीय कण बनवणारे संशोधक कणावर कुठली अँटिबॉडी चढवतात माहीत आहे? पुष्कळदा हीच.

म्हणजे व्हिडिओतला जो शोधणारा पाहून भावोजी हरखले, तो ताईच्या सलाईनमध्ये पहिल्या दिवसापासून आहे. ‘केमो थांबवा’ हे ऐकलं तर पहिल्यांदा तोच थांबेल. घरात सगळं मिळून ‘केमो’ म्हटलं जातं, तिथे हा घोटाळा झाला आहे. मला वाटतं, हे एक वाक्य भावोजींना नीट समजलं तर निम्मं भांडण मिटेल.

आणि ही अँटिबॉडी नुसती शोधून थांबत नाही. ती पेशीला वाढीचा इशारा मिळू देत नाही आणि शरीराच्या संरक्षक पेशींना तिथे बोलावते. ताईला सुरू केलेलं नेमकं हेच त्रिकूट 808 रुग्णांच्या चाचणीत तपासलं गेलं. निम्म्यांना तिन्ही औषधं, निम्म्यांना पर्टुझुमॅबच्या जागी नुसता द्रव, आणि कुणाला काय मिळतंय ते रुग्णालाही ठाऊक नाही नि डॉक्टरलाही नाही. पहिल्या गटाचं मध्यम आयुर्मान (म्हणजे निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो काळ) 56.5 महिने निघालं, दुसऱ्याचं 40.8. आठ वर्षांनी पाहिलं तेव्हा पहिल्या गटातले 37 टक्के लोक हयात होते. ताईचं काय होईल हे हे आकडे सांगत नाहीत, ते कुणीच सांगू शकत नाही. पण शरीरभर पसरलेल्या आजारात आठ वर्षांनंतर मोजायला माणसं उरतात, हे काही वर्षांपूर्वी आम्हाला कुणी सांगितलं असतं तर खोटं वाटलं असतं.

मग अँटिबॉडीला कण जोडल्यावर बिघडतं कुठे? इथे जरा रेंगाळते, कारण तुम्हाला घरात समजावून सांगायचंय.

शिरेतून सोडलेला कण गाठीकडे निघतो अशी आपली समजूत असते. तो कुठेही निघालेला नसतो. तो रक्ताबरोबर फिरतो, आणि रक्त यकृतातून आणि प्लीहेतून फिरतं. तिथल्या भक्षक पेशींचं कामच मुळी रक्तातला असला परका बारीक ऐवज गिळून टाकणं. त्यात कण रक्तात पडला की काही क्षणांत रक्तातली प्रथिनं त्याच्यावर थर चढवतात आणि आपण एवढ्या निगुतीने बसवलेली अँटिबॉडी त्या थराखाली झाकली जाऊ शकते. जो कण यातून वाचतो त्याला गाठीच्या रक्तवाहिनीतून बाहेर पडून, दाट ऊतीतून वाट काढत पेशीपर्यंत पोचायचं असतं. एकट्या अँटिबॉडीला हेच अंतर जड जातं, मग ओझं घेऊन काय होणार!

किती पोचतात? नॅनोकणांवरच्या दहा वर्षांच्या प्रयोगांचा हिशेब 2016 मध्ये एकत्र मांडला गेला. टोचलेल्या मात्रेपैकी गाठीत पोचलेला मध्यम हिस्सा 0.7 टक्के. ज्या कणांवर शोधणारा रेणू बसवला होता त्यांचं 0.9 आणि ज्यांच्यावर नव्हता त्यांचं 0.6. म्हणजे अँटिबॉडीसारखा वाटाड्या दिल्याने जे मिळालं ते एवढंच. आणि हे उंदरांत. उंदराची गाठ त्याच्या अंगाच्या मानाने केवढी मोठी असते! माणसात हा हिस्सा वाढण्याचं काही कारण मला दिसत नाही.

आता कागद-पेन्सिल घ्या. शिरेतून द्यायच्या एका लोहाच्या औषधाची एक मात्रा 510 मिलिग्रॅम असते. तेवढे कण दिले आणि 0.7 टक्के पोचले असं धरू. साडेतीन मिलिग्रॅम. तेही सगळ्या गाठींत मिळून, विखुरलेलं. उलट गाठ तापवण्याचा जो प्रकार माणसांवर खरोखर वापरला गेला, त्यातल्या द्रवात दर मिलिलिटरला 112 मिलिग्रॅम लोह होतं, आणि तो द्रव सुईने थेट गाठीत भरत. एका बाजूला गाठीत टोचलेला एक मिलिलिटर, दुसऱ्या बाजूला शिरेतून दिलेल्या तीस मात्रा, अशी ही तुलना. मग चुंबकीय क्षेत्रच वाढवावं म्हणाल, तर तेही हवं तसं वाढवता येत नाही. ठरावीक मर्यादेपुढे त्या क्षेत्रात माणसाच्या अंगातच प्रवाह सुरू होतात आणि निरोगी शरीर तापायला लागतं. एकेका पेशीला चिकटलेला एकेक कण ती पेशी तेवढी शिजवेल हेही होत नाही. इतक्या लहान ठिणगीची ऊब आजूबाजूच्या पाण्यात लगेच पसरते. गाठ 42–43 अंशांपर्यंत न्यायची तर तिथे कणांची गर्दी लागते.

दाखवण्यासाठी मात्र कमी कण पुरतात. म्हणून संशोधनात दाखवण्याचं काम तापवण्याच्या पुढे आहे. पण ताईच्या बाबतीत एक गंमत आहे (गंमत म्हणवत नाही, पण दुसरा शब्द सुचत नाही). तिच्या गाठी यकृतात आहेत. आणि यकृत तर कण स्वतःच पिऊन टाकतं. याचाच उपयोग करून 1996 मध्ये अमेरिकेत लोहकणांचं एक एमआरआय औषध मान्य झालं होतं. निरोगी यकृतातल्या भक्षक पेशी कण गिळत, यकृत काळं दिसे, आणि ज्या गाठींत त्या पेशी नसत त्या उजळ उठून दिसत. गाठ दिसायची ती कण तिच्यात न गेल्यामुळे! व्हिडिओच्या बरोब्बर उलटं. त्यावर अँटिबॉडी नव्हतीच, लागतही नव्हती. पुढे ते औषध बाजारातून गेलं.

तापवण्याचा इतिहासही सांगून टाकते, कारण ती संस्था बहुधा त्याचाच दाखला देईल. लोहाचे कण लसिका गाठींत (लिम्फ नोड, या शरीरातल्या मूळच्याच गाठी, कर्करोगाच्या नव्हेत) पोचवून बाहेरून क्षेत्र देऊन तापवायची कल्पना 1957 मध्येच छापली गेली. बर्लिनमधल्या संशोधनातून पुढे नॅनोथर्म नावाचा उपचार निघाला आणि 2010 मध्ये त्याला मेंदूच्या गाठींसाठी युरोपात मान्यता मिळाली. मघाचे ते 112 मिलिग्रॅम याच द्रवातले. मेंदूतल्या ग्लिओब्लास्टोमा गाठीत कण टोचायचे, डोकं 100 किलोहर्ट्झच्या क्षेत्रात ठेवायचं, जोडीला रेडिएशन. परत उद्भवलेल्या गाठीच्या 59 रुग्णांचे निष्कर्ष 2011 मध्ये आले. परत उद्भवल्यापासूनचं मध्यम आयुर्मान 13.4 महिने. पूर्वीच्या रुग्णांच्या मानाने बरं, पण शेजारी तुलनेचा गट नव्हता, त्यामुळे श्रेय कुणाचं, कणांचं की रेडिएशनचं की रुग्णांच्या निवडीचं, हे ठामपणे सांगता येत नाही. आणि व्हिडिओत नसलेल्या दोन गोष्टी. क्षेत्राच्या जवळपास धातू चालत नाही, म्हणून रुग्णांच्या दातांतली धातूची भरणं नि टोप्या काढाव्या लागत. आणि एकदा एवढं लोह डोक्यात बसलं की तिथला एमआरआय वाचता येत नाही. गाठ वाढतेय की आटतेय हे पुढे सीटीवर बघावं लागे. ‘दिसेलही आणि जळेलही’ हे एकाच कणाचं वचन, पण जळण्यापुरते कण भरले की दिसणंच बंद. नॅनोथर्म बनवणारी कंपनी 2022 मध्ये दिवाळखोरीत गेली. आणि यातही अँटिबॉडी नव्हती.

हे लिहिताना माझ्याच लक्षात आलं की चित्र कसं विभागलेलं आहे. स्तनाच्या शस्त्रक्रियेत पहिली लसिका गाठ शोधायला लोहकणांचं एक औषध 2018 पासून अमेरिकेत मान्य आहे. स्तनात टोचतात, कण लसिकेबरोबर वाहत पहिल्या गाठीत अडकतात, सर्जन चुंबकीय सळईने ती हुडकतो. अँटिबॉडी नाही. अँटिबॉडी आणि चुंबकीय कण यांची जोडी खरोखर रोजच्या वापरात आहे, पण ती शरीराबाहेर. 1984 मध्ये मुलांच्या अस्थिमज्जेतून न्यूरोब्लास्टोमा या बालपणीच्या कर्करोगाच्या पेशी अँटिबॉडी लावलेल्या चुंबकीय मण्यांनी वेचून काढल्या गेल्या, मज्जा साफ करून मुलांना परत द्यायला. ते मणी नॉर्वेचे रसायनशास्त्रज्ञ युगेलस्टाड यांच्या पद्धतीने बनवलेले, सगळे एका मापाचे. 2004 पासून एक रक्ततपासणी मान्य आहे. 7.5 मिलिलिटर रक्तात हिंडणाऱ्या कर्करोगाच्या चारदोन पेशी अँटिबॉडी लावलेल्या चुंबकीय कणांनी पकडून मोजायची. नळीत हे का साधतं? तिथे यकृत नाही. चुंबक बोटभर अंतरावर आहे. आणि नको ते धुऊन टाकता येतं. शरीराच्या आत जी चालते ती ट्रास्टुझुमॅबसारखी सुटी अँटिबॉडी, पाठीवर लोह न घेता. अँटिबॉडी, चुंबकीय कण आणि माणसाचं शरीर, तिघंही एकाच ठिकाणी एकत्र नांदताहेत, आणि तेही नेहमीच्या उपचारात, असं अजून झालेलं नाही. उद्या होईलही. ताईची तारीख उद्यावर टाकता येत नाही.

पट्ट्याबद्दल. भावोजींवर हसू नका, त्यांचा तर्क शाळेतल्या लोहकिसापर्यंत अगदी बरोबर आहे. पण लोहकीस आणि 10 नॅनोमीटरचा कण यांत फार अंतर आहे. चुंबकाची ओढ कणाच्या आकारमानाबरोबर घटते. प्रयोगशाळेत ज्यांना आम्ही हातातल्या चुंबकाने नळीच्या कडेला ओढतो ते मणी 2.8 किंवा 4.5 मायक्रोमीटरचे, म्हणजे शेकडोपट जाड. चांगल्या बनलेल्या 10 नॅनोमीटर कणांची बाटली चुंबकावर रात्रभर ठेवली तरी सकाळी तळाला फारसं काही नसतं, आणि हे स्थिर द्रवात. वाहत्या रक्तात, कातडीपासून काही सेंटिमीटर खोल, पट्ट्याचं काही चालत नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनचं लोह तर ओढलंच जात नाही. नाहीतर एमआरआयच्या 1.5 किंवा 3 टेस्लाच्या यंत्रात कुणी जिवंत शिरलं नसतं. आणि इंजेक्शनमधलं लोह तसंही यकृत-प्लीहेतल्या त्याच भक्षक पेशींकडे जातं, त्या ते सोडवून रक्त बनवायला देतात. म्हणजे लोह यकृतात पोचतंय, पट्ट्याविनाच. गाठीत मात्र नाही. पट्टा कपाटात ठेवा, आणि घरात कुणाला पेसमेकर असेल तर त्या माणसापासून लांबच्या कपाटात.

संस्थेचं सांगायचं तर त्यांना तीन-चार साधे प्रश्न लिहून विचारा. कणावर कुठली अँटिबॉडी आहे? शिरेतून हे किती माणसांना दिलं आणि ते कुठे छापलंय? चाचणी असेल तर नोंदणी क्रमांक काय, कुठल्या नैतिकता समितीने परवानगी दिली? चाचणी नसेल तर उपचाराला मान्यता कुणाची? बहुधा उत्तर येणार नाही, किंवा आणखी एक व्हिडिओ येईल. ‘शरीर स्वच्छ हवं’ या वाक्यालाही एक खरी सावली आहे, तेही सांगते. खऱ्या चाचण्यांमध्ये आधीच्या औषधानंतर काही आठवडे मोकळे ठेवायला सांगतात. पण नव्या, अपुऱ्या तपासलेल्या उपचाराची पहिली चाचणी सहसा ज्यांच्यावर उपयोगी ठरलेले उपचार संपलेत त्यांच्यावर होते. दुसऱ्या सायकलला पोचलेल्या बाईचे सिद्ध झालेले उपचार सोडवून कुणी प्रामाणिक संशोधक तिला घेणार नाही. आणि असा संशोधक प्रयोगाच्या औषधासाठी सात दिवसांत आगाऊ पैसेही मागत नाही. मला त्यांच्या कणांपेक्षा त्या सात दिवसांची जास्त भीती वाटते. विचार करायला वेळच मिळू नये म्हणून घातलेली मुदत आहे ती. चाचणीत भाग घ्यायची ताईची इच्छा असेलच, तर तो विषय तिच्या ऑन्कॉलॉजिस्टपुढे काढा. त्यात गैर काही नाही, आणि बरेच डॉक्टर अशा प्रश्नाने चिडत नाहीत, उलट मोकळे होतात.

आता जे पत्रात नाही त्याबद्दल. मी ते दोनदा वाचलं. भावोजी काय म्हणतात ते आहे, संस्था काय म्हणते ते आहे, तुम्हाला काय वाटतं तेही आहे. ताई काय म्हणते? ‘पार गळून गेली’ एवढंच. तिला विचारलंत का, नेमकं काय सोसवत नाही? ओकाऱ्या, तोंड येणं, जुलाब, हातापायांच्या मुंग्या, की केस? की कुणाला त्रास नको म्हणून ती गप्प आहे? यातल्या प्रत्येकाचं उत्तर वेगळं आहे, आणि बऱ्याचशांवर इलाज आहे. मळमळीची औषधं बदलता येतात. डॉसिटॅक्सेलची मात्रा कमी करता येते, कधी त्याऐवजी दर आठवड्याला सौम्य मात्रेत पॅक्लिटॅक्सेल हे त्याच जातीचं केमो देतात. पांढऱ्या पेशी फार उतरत असतील तर त्यासाठी इंजेक्शन असतं. हे सगळं तारखेच्या आधी डॉक्टरांना कळायला हवं, त्या दिवशी खुर्चीत बसल्यावर नाही.

आणि ताईला बहुधा कुणी सांगितलेलं नसेल असं एक. या त्रिकुटातलं डॉसिटॅक्सेल आयुष्यभर नसतं. साधारण सहा सायकल, कधी थोड्या जास्त, आणि गाठी आटोक्यात असतील तर पुढे दोन अँटिबॉडीच चालू ठेवतात. केस गळतात ते केमोने. ते संपलं की बहुतेकांचे परत येतात. अँटिबॉडीच्या काळात जुलाब किंवा अंगावर पुरळ होऊ शकतं आणि हृदयावर लक्ष ठेवायला मधूनमधून इको करावा लागतो, पण बऱ्याच बायका तेव्हा पुन्हा आपापल्या कामाला लागतात. दोन्ही अँटिबॉडी एकत्र, कातडीखाली काही मिनिटांत देता येतील असं इंजेक्शनही 2020 पासून निघालंय. ते ताईला चालेल का, विचारा. ‘अजून पाच वेळा’ आणि ‘कधीपर्यंत कोण जाणे’ यांतला फरक गळून गेलेल्या माणसाला फार मोठा असतो. उलट बाजूने, मध्ये मोठा खाडा पडला तर अँटिबॉडीची सुरुवात पुन्हा मोठ्या मात्रेने करावी लागते. तारीख टाळण्याची ही किंमत संस्थेच्या पत्रात नसणार.

भावोजींना हरवायच्या फंदात पडू नका. ताईचे हाल बघवत नाहीत आणि हातात करण्यासारखं काही नाही, म्हणून त्यांनी पट्टा आणला. त्यांना काम द्या. एक वही. सायकलच्या दिवसापासून रोज काय झालं, किती वाजता, कुठली गोळी घेतली, किती पोटात गेलं, आणि दिवसातून दोनदा ताप. ताप 38 अंश सेल्सियसच्या (100.4 फॅरनहाइटच्या) वर गेला तर वेळ काय झालीय ते न बघता हॉस्पिटलला फोन, हे पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात. केमोनंतर पांढऱ्या पेशी उतरलेल्या असताना साधा वाटणारा ताप जिवावर बेतू शकतो. पुढच्या भेटीला ती वही त्यांनीच डॉक्टरांपुढे ठेवावी आणि व्हिडिओबद्दलही त्यांनीच विचारावं. तुम्ही सांगितलेलं आणि त्यांनी स्वतः विचारून मिळवलेलं उत्तर एकच असलं, तरी घरी आल्यावर त्याचं वजन सारखं नसतं.

‘विज्ञान शिकलेली म्हणून सगळे माझ्याकडे बघतात’ असं लिहिलंयत. बघू देत. निर्णय ताईचा आहे, तुमचा नाही. तुमच्याकडे आहे ती फक्त माहिती. ती तिच्याजवळ बसून, भावोजी असताना, एकदाच आणि शांतपणे सांगा. मग ती काय म्हणते ते ऐका.

ता. क. ताईला दिलेल्या लोहाच्या इंजेक्शनचं नाव बघून ठेवा. फेरुमॉक्सिटॉल असेल तर ते स्वतःच लोहाच्या नॅनोकणांचं औषध आहे. अमेरिकेत 2009 मध्ये ते मूत्रपिंडाच्या रुग्णांच्या रक्तक्षयासाठी मान्य झालं, आणि तीव्र ॲलर्जीच्या धोक्यामुळे 2015 मध्ये त्यावर ठळक इशारा छापायला लावला. त्याचे कण तीन महिन्यांपर्यंत एमआरआयची प्रतिमा बदलू शकतात. तेव्हा यकृताचा एमआरआय ठरला तर इंजेक्शनचं नाव आणि तारीख आधी कळवा, नाहीतर काळ्या पडलेल्या यकृताकडे बघून तिथला माणूस भलताच निष्कर्ष काढेल.